इराप्पा मिस्त्रींची चिंगी

दर जूनला आमच्या फौंड्रीत डिप्लोमा झालेली नवी पोरं लागतात, आणि दर जूनला वैशाली मॅडम त्यांना इराप्पा मिस्त्रींची चूक शिकवतात. मॅडमचा फळा स्टोअरच्या खिडकीसमोरच आहे, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. "आपल्याकडे एक फार हुशार पॅटर्न मिस्त्री होते," अशी सुरुवात असते, आणि "म्हणून सवयीवर विसंबू नका," असा शेवट. पोरं वहीत लिहून घेतात. मी तेवढा वेळ नटबोल्टांचे डबे उगाच इकडचे तिकडे करतो. चार जून झाले. आता खरंच वीट आलाय. पुढच्या मार्चला मी रिटायर होणार. त्याआधी हे एकदा लिहून टाकतो. वाचायचं त्यानं वाचावं, नाहीतर भेळ बांधायला द्यावं.

मी स्टोअरकीपर. नाव सांगून उपयोग नाही, फौंड्रीत ते कुणाला माहीत नाही. "ओ स्टोअर!" अशी हाक आली की मी मान वर करतो. ही हाक पहिल्यांदा मारली ती इराप्पांनीच. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल. मी नवीन, अंगावर कोरा शर्ट, खिडकीत हिशेबी तोंड करून बसलेला. समोर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला पांढरी टोपी, कानावर पेन्सिल, कपाळाला विभूती, आणि सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाचा छोटा उंचवटा.

"ओ स्टोअर, दोन पॉलिश पेपर द्या की."

मी म्हटलं, "चिठ्ठी?"

"पावणं, आज लागलासा वाटतं. चिठ्ठी उद्या देतो. लाकूड आज वाट बघालंय."

मी दिले. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, मी कुलूप काढायच्या आधी, खिडकीच्या फटीत खोचलेली होती. पुढची चौदा वर्षं असंच चाललं. वस्तू आज, चिठ्ठी उद्या, आणि एकही चिठ्ठी कधी बुडली नाही.

गाव नेसरी. तिथून पुढं कानडी मुलूख लांब नाही, त्यामुळे घरात अर्धं कानडी. आई म्हणजे अव्वा, थोरला भाऊ म्हणजे अण्णा. मिस्त्री चिडायचे क्वचित, पण चिडले की कानडीत पुटपुटायचे, म्हणजे आपल्याला शिवी बसली की आशीर्वाद मिळाला हे काही कळायचं नाही. डब्यात रोज ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि कसलीतरी पालेभाजी. आमचा बाबू मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा गडी, हा पक्का मटणवाला. रविवारचा रस्सा सोमवारी डब्यातून आणायचा आणि मुद्दाम मिस्त्रींच्या शेजारी बसायचा. मिस्त्री फक्त वाऱ्याची दिशा बघून बाजू बदलायचे. "तू खा बाबा. मला वास नगो, तेवढं बघ," एवढंच.

ज्यांना फौंड्री ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड थंड होताना आटतं. फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर लांब. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. इराप्पांची पट्टी पोलादाची होती, त्यांना काम शिकवलेल्या मिस्त्रीनं दिलेली, आणि अंगठा फिरून फिरून तिच्यावरचे पहिले तीन इंच गुळगुळीत झाले होते. तिथले आकडे फक्त त्यांनाच दिसायचे.

ह्या आटण्यावर माणसाचा एवढा विश्वास की सगळ्याच गोष्टीला ते तोच नियम लावायचे. मालकांनी बोनस जाहीर केला की सगळे टाळ्या वाजवायचे आणि इराप्पा म्हणायचे, "आटनार हाय. वाढ धरून चाला." बाबूनं पुतणीच्या लग्नाला दोनशे माणूस येणार म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, "दीडशेचं जेवान कर." दीडशेच आले. मी एकदा मुलाचे दहावीचे मार्क सांगत होतो, अजून निकाल लागायचा होता. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि काहीच बोलले नाहीत. निकाल लागल्यावर त्यांचं न बोलणं मला कळलं.

दुसरी एक खोड म्हणजे कोपरा. आतला कोपरा टोकदार सोडला तर लोखंडाला तिथं तडा जातो, म्हणून पॅटर्नमध्ये तो गोल करतात. इराप्पा जगातला कुठलाही कोपरा बघितला की त्यावर बोट फिरवायचे. मालकांच्या केबिनचं नवं टेबल आलं तेव्हा सगळे पेढे खात होते आणि हे वाकून टेबलाचा कोपरा चाचपत होते. "चुकलंय," म्हणाले. पेढा घेतला आणि गेले.

दोन हजार सालानंतर धंदा बदलला. बाहेरची गिऱ्हाइकं फाइल मागायला लागली. नमुना कॉम्प्युटरवर काढायचा, फाइल बेळगावला पाठवायची, तिथलं मशीन तो कापून देणार. रंधा नको, पटाशी नको. मालक तसा वाईट माणूस नव्हता, तोही दमलेलाच होता. त्यानं इराप्पांना बोलावून सरळ सांगितलं, "मिस्त्री, दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर शिका. जमलं तर तुम्ही इथेच. नाही जमलं तर मला दोन माणसं परवडत नाहीत."

इराप्पा छप्पन्नचे होते. बाहेर आले आणि माझ्या खिडकीशी टेकून उभे राहिले. "गावाकडं जाऊन काय करू ओ स्टोअर? अण्णाच्या शेतात मी काय कामाचा? हात लाकडाचं झाल्यात माझं." मी पॉलिश पेपर पुढं केले. "आज नगोत," म्हणाले. मग पट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. "ही ठिवा तुमच्याकडं. जवळ असली की हात तिकडंच जातोय. कॉम्प्युटर आपली आपन वाढ धरतंय म्हणं." मी ती माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली.

शिकवायला आली ती वैशाली. तेव्हा ती मॅडम वगैरे काही नव्हती, चोवीस वर्षांची मुलगी, गडमुडशिंगीहून रोज बसनं यायची, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पण इराप्पांनी पहिल्या दिवसापासून तिला मॅडमच म्हटलं, म्हणून मग सगळ्यांनी म्हटलं. शिकवणी दोन दिवसांत बोंबलली. मिस्त्री माऊस असा धरायचे की आता टेबलाला भोक पडतंय. पडद्यावरचा बाण एकदम कोपऱ्यात जाऊन लपायचा. "कुठं ग्येलं?" म्हणून हे टेबलाखाली वाकायचे.

तिसऱ्या दिवशी मुलीनं डोकं लढवलं. तिच्या भावाकडची एक सीडी आणली आणि गेम टाकला. गेम असा: एक बेट असतं, त्यावर कुंपणं घालायची, डायनासोर पाळायचे, आणि ते बघायला येणाऱ्या लोकांची सोय करायची. थोडक्यात प्राणिसंग्रहालय बांधायचं. "मिस्त्री, रोज लोडशेडिंगच्या वेळात तासभर हे खेळा. हात बसेल," ती म्हणाली. त्या काळात दुपारी वीज जायची, भट्टीचा पंखा बंद, सगळा कारखाना पाय पसरून बसायचा, आणि एकटा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू असायचा. ती केबिन माझ्या स्टोअरला लागून, मधे नुसती काच. मी सगळं बघितलंय.

पडद्यावर जनावरांची यादी आली. शिंगवाले, लांब मानेचे, तोंडात करवतीएवढे दात असलेले. आमची सगळी जनता मागं गोळा झाली होती. "त्यो दांडगा घ्या मिस्त्री, त्यो!" बाबू ओरडत होता. इराप्पा एकेक बघत खाली गेले. "खटलं हाय ह्ये. ह्ये नगो. ह्येला ठिवायचं कुठं?" अगदी तळाला एक बारकं जनावर होतं. दोन पायांवर उभं, कोंबडीएवढं, लांब शेपूट, मान तिरकी करून बघणारं. नाव कॉम्प्सोग्नॅथस. ते उच्चारताना वैशालीचीही जीभ अडखळली.

"ह्ये घेतो. काय खातंय ह्ये?"

"मांस खातं, मिस्त्री. मांसाहारी आहे."

सगळ्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. ह्या माणसाच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. इराप्पांनी टोपी सारखी केली. "असू दे. देवानं दात दिल्यात तसलं, त्येचा काय गुन्हा?" आणि तिथल्या तिथं नाव ठेवलं, चिंगी.

आता चिंगीला जेवायला घालायचं म्हणजे कुंपणात बोकड सोडायचं. गेमची रीतच ती. मिस्त्रींचा हात काही त्या बटनावर जाईना. एक दिवस उपास घडला, चिंगी कुंपणाशी येऊन ओरडायला लागली, पडद्यावर लाल खूण आली. तेव्हा इराप्पा उठले, दाराशी गेले आणि हाक मारली, "बाबू! आरं बाबू! ये जरा हिकडं!"

बाबू काळ्या वाळूचे हात पँटला पुसत आला.

"तेवढं बोकड सोड की."

"मी?"

"तुझं चालतंय न्हवं?"

बाबूनं एका बोटानं बटन दाबलं. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून उभे. "झालं का? झालं का रं?"

"झालं. रस्सा कवा करायचा?"

तेव्हापासून रोज लोडशेडिंग झालं की बाबू बोकड सोडायला यायचा. कधी रजेवर असला तर आदल्या दिवशी दोन सोडून जायचा. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून विभूतीची पुडी चाचपायचे. हसून हसून आमची मुरकुंडी वळायची, पण त्यांनी ना जनावर बदललं ना भिंत.

बाकी बागेचा आनंदच होता. कुंपण चौकोनीच पडायचं, ह्यांना कोपरा गोल हवा. "मॅडम, हितं तडा जाईल बघा." ती समजवायची की हे लोखंड नाही. पटायचं नाही. एकदा खरंच त्या कोपऱ्यातून चिंगी बाहेर पडली. बघायला आलेली चित्रातली माणसं पळत सुटली, बागेच्या दर्जाचे होते नव्हते ते स्टार गेले. वैशाली वैतागून म्हणाली, "मिस्त्री, ती विकून टाका. तिच्यामुळे काही मिळत नाही आपल्याला. मोठा घ्या एखादा."

"कुंपन कुणी घातलं? मी. मग तिला कशाला भायेर काढायचं?"

हे वाक्य मी काचेतून ऐकलं तेव्हा हसलो होतो.

ह्या गेमात प्रत्येक जनावराचं आयुष्य ठरलेलं असतं. एक दिवस चिंगी म्हातारी होऊन आडवी पडली. वैशालीनं सांगितलं, आता हेलिकॉप्टर येऊन तिला उचलून नेईल. इराप्पा खुर्चीवरून उठले, टोपी काढली, आणि ते चित्रातलं हेलिकॉप्टर जाईपर्यंत उभे राहिले. बाबू काहीतरी टोमणा मारायच्या बेतात होता, त्यानंही डोक्याचं फडकं काढलं. मीही माझ्या बाजूला उभा राहिलो. वीज आली, पंखा सुरू झाला, सगळे कामाला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसलंच दुसरं आणलं आणि नाव चिंगीच ठेवलं. "आमच्या म्हशींची नावंबी तशीच चालत आल्यात," म्हणाले.

पण हात बसला. बाण आता सांगेल तिथं जायचा. सप्टेंबरात मिस्त्रींनी कॉम्प्युटरवर पहिला साधा फ्लॅंज, म्हणजे पाइप जोडायची चकती, काढला, ऑक्टोबरात एक झाकण. मालक स्वतः येऊन बघून गेला. "जमलं की ओ मिस्त्री!" त्या दिवशी इराप्पांनी अख्ख्या शॉपला चहा पाजला आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "ऱ्हायलो म्हणायचं." इतका मोकळा चेहरा त्यांचा मी परत बघितला नाही.

वैशाली शिकवता शिकवता घरचं बोलायची. वडलांचं म्हणणं, शिक्षण झालं, हौस झाली, आता लग्न. स्थळ बघून ठेवलेलं. तिनं सहा महिन्यांची मुदत मागून घेतली होती. नोकरी पक्की झाली तर वडील थांबणार, नाही झाली तर घरी बसायचं आणि सांगतील तिथं मान तुकवायची. "पक्की हुनार की," इराप्पा म्हणायचे. आणि ह्या एका गोष्टीला त्यांनी वाढ धरून चाला असं कधी म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधी तीन आठवडे पंपाचं काम आलं. कागदावर ड्रॉइंग नव्हतं, गिऱ्हाइकानं जुना पंपच पाठवला होता. मिस्त्रींनी माझ्याकडून साधी पट्टी नेली, तासन्‌तास मापं घेतली, कॉम्प्युटरवर भरली. वैशालीनं फाइल बेळगावला पाठवली. नमुना कापून आला, बाबूनं साचे भरले, चाळीस पंप ओतले. आणि एकावरही झाकण बसेना. बोल्टची भोकं जुळेनात. सगळा माल मोठा झाला होता. चाळीस पंप भंगारात, आणि गिऱ्हाईक दारात.

इराप्पा आधी गेले ते नमुना मोजायला. मग माझ्याकडं आले. "बेळगावला धाडल्याल्या कागदाची नक्कल द्या जरा." बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नक्कल स्टोअरमध्ये असते. मी फाइल दिली. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मीही उलट्या बाजूनं वाचलं. वैशालीच्या अक्षरात होतं: आटण्यासाठी वाढ धरावी. म्हणजे कॉम्प्युटरनं एकदा सूत धरलं होतं, ते पोरीच्या लक्षात राहिलं नाही, आणि तिच्या चिठ्ठीवरून बेळगाववाल्यानं परत धरलं. फुटाला दोन सूत. इराप्पांनी फाइल मिटली, माझ्या हातात दिली. "ठिवा," म्हणाले.

तेवढ्यात मालकानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी फायलींचा गठ्ठा घेऊन दारात उभा. वैशालीचा चेहरा पांढराफटक. आपण काय केलंय हे तिला माहीत नव्हतं, फक्त काहीतरी झालंय एवढं कळलं होतं.

मालक म्हणाला, "ज्याची चूक, तो उद्यापासून नाही. मला पुन्हा हे नकोय. बोला."

"माजी चूक," इराप्पा म्हणाले.

"कशी?"

"मापं वाढीव पट्टीवर चढवून मोठी करून भरली, वर कॉम्प्युटरनं परत वाढ धरली. सवय ओ मालक. हात गेला तिकडंच. मॅडमचा काय संबंध न्हाय, त्यांनी बराबर धाडलंय."

"पट्टी कुठाय?"

"घरी हाय."

मी दारात होतो. ती पट्टी तीन महिने माझ्या खुर्चीमागं लटकत होती. त्या कागदाची नक्कल माझ्या काखेत होती. दोन वाक्यं बोलायची होती फक्त, आणि मिस्त्री वाचले असते. मी बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगतो. त्याच आठवड्यात मालक म्हणाला होता, स्टोअरपण कॉम्प्युटरवर घेऊया, मग इथं माणूस कशाला. त्याच्या डोळ्यांपुढं त्या दिवशी माझं नाव यायला नको होतं, बस. मुलीची दया वगैरे नंतरची. मी स्टोअरमध्ये आलो, पट्टी खिळ्यावरून काढली आणि ड्रॉवरच्या तळाशी, पावत्यांच्या खाली सारली. 

इराप्पांना महिनाअखेरपर्यंतची मुदत मिळाली. त्या आठ-दहा दिवसांत कुणी त्यांना काम दिलं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. एका सकाळी खिडकीत आले. "ओ स्टोअर, माजी पट्टी द्या जरा." आणि माझ्या डोक्यावरून मागच्या खिळ्याकडं बघितलं. खिळा रिकामा होता. मग माझ्याकडं बघितलं. मी ड्रॉवर उघडून पट्टी काढून दिली. ती घेऊन ते गेले.

त्यांनी चिंगी केली. सागवानाच्या तुकड्यातून, पटाशीनं. उभी नाही, बसलेली. "पाय बारीक हायती, लोखंड भरायचं न्हाय," म्हणाले. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत एक फूट, मान तिरकी. मधून दोन भाग, वाळूतून अलगद सुटतील असे. शेवटच्या दिवशी भट्टीत जे लोखंड उरलं त्यातून बाबूनं ती ओतली. साचा फोडताना सगळी फौंड्री जमली होती. बाबू तिची वाळू झाडत म्हणाला, "आता बोकड कोन सोडनार हिला?" आणि मोठ्यांदा रडला. वैशालीही रडली. ती म्हणाली, "मिस्त्री, तुम्ही पट्टी घरी का नाही ठेवलीत हो?" इराप्पा म्हणाले, "चुकलं की मॅडम."

जाताना पट्टी मला परत दिली. "असू दे हितंच. नेसरीत काय वतायचंय?"

वैशालीची नोकरी पक्की झाली. आज सगळं डिझाइन ती बघते, चार माणसं तिच्या हाताखाली आहेत. लग्न तिनं पुढं आपल्या पसंतीनं केलं. पोरी, तू चांगली आहेस, माझी तुझ्यावर तक्रार नाही. पण दर जूनला ते फळ्यावरचं वाक्य ऐकून मी डबे आपटायला लागतो, त्याला मी काय करू? माझं स्टोअरही कॉम्प्युटरवर आलं, आणि मी तरीही राहिलो. म्हणजे त्या दिवशी बोललो असतो तरी बहुतेक राहिलो असतो. हे तर अजूनच वाईट.

ह्या उन्हाळ्यात गडहिंग्लजला एका लग्नाला गेलो होतो. पिशवीत पट्टी घेतली. तिथून नेसरीची गाडी धरली. रस्त्यात चार वेळा वाक्य जुळवलं: मिस्त्री, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

घर गावात, दारात दगडी कट्टा. कट्ट्यावर इराप्पा बसले होते आणि शेजारी चिंगी. तिला गंज चढू नये म्हणून सून तेलाचं बोट लावते, त्यानं ती काळीभोर झाली होती. गळ्यात कुणीतरी दृष्टीचा काळा दोरा बांधलेला. मिस्त्री वाळले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं, मी पार जवळ जाईपर्यंत ओळखलं नाही.

"कोन पावणं?"

"स्टोअर."

"आयला! या की ओ, या! बसा!" आत बघून सुनेला हाक दिली, "चा टाक ग, फौंड्रीतनं आल्यात!"

चहा झाला. बाबूची चौकशी झाली. मग मी पट्टी काढून हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही, अंगठा फिरवून पहिले तीन इंच चाचपले. मग चिंगीला लावली, डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत, आणि मला म्हणाले, "बघा किती भरतंय."

"सूतभर कमी."

"बराबर हाय मग." हसले. आणि थोड्या वेळानं, "मॅडम कशा हायती?"

मी सांगितलं. डिझाइन बघतात, हाताखाली माणसं आहेत. आणि मला राहवलं नाही, तेही सांगितलं, की दर वर्षी नव्या पोरांना तुमची चूक शिकवतात. वाटलं, वाईट वाटेल. इराप्पांनी मांडीवर थाप मारली. "चांगलंय की! मग तसली चूक परत हुयाची न्हाय."

मी तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य ओठावर होतं. तेवढ्यात तेच बोलायला लागले.

"तुमाला म्हणून सांगतो ओ स्टोअर. त्या दिवशी केबिनीत मला भ्या वाटलं ते मालकाचं न्हवं. तुमचं. कागद तुमच्या काखंत, पट्टी तुमच्या खिळ्याला. म्हटलं, ह्यो मानूस खरं बोलनार आनि पोरीचं वाटुळं हुनार. मागनं खिळा मोकळा बघितला, तवा समजलो. झाकून ठिवलासा. पोरीसाठी ठिवलासा. एवढं कोन करतंय?" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे अजून तसेच खरबरीत होते. "तुमचं उपकार हायती."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. परतीची शेवटची नव्हती, नंतरही एक होती, मला माहीत होतं. तरी मी उठलो. वळणावरून मागं बघितलं तर ते कट्ट्यावर वाकून, पट्टीनं चिंगीची शेपूट मोजत होते.

मी त्यांना म्हणालो होतो, "असू दे ओ मिस्त्री, त्यात काय." आणि उपकार घेऊन आलो.